मेश्राम काकांना सगळं जमतं

मेश्राम काका जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्यायचे. सकाळच्या धुक्याला सहा, लायब्ररीतल्या खुर्च्यांना पाच, आमच्या अपार्टमेंटच्या मॅनेजरला तीन, आणि तेही त्याच्या हस्ताक्षरासाठी. सांता क्लाराच्या ज्या हवेचं सगळे कौतुक करत असतात, तिलासुद्धा त्यांनी साडेसातच्या वर कधी जाऊ दिलं नाही. "सुधाराले जागा ठेवा लागते बाप्पा," ते म्हणायचे. "दहा दिले का माणूस बसला."

मला पहिल्या भेटीत साडेपाच मिळाले. लाँड्रीच्या खोलीत मी त्यांचे ओले कपडे मशीनमधून काढून टेबलावर रचले होते. आत येऊन त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं, एका शर्टाची घडी उलगडून पुन्हा घातली आणि इंग्रजीत म्हणाले, "फोल्डिंग इज पुअर. फाइव्ह." माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. "मराठी का?" ते म्हणाले. "मग अर्धा वाढवतो."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी अनघा जोशी, पुण्याची. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. नवरा शिरीष प्रोजेक्टसाठी हर्नडनला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि महिन्यातून एकदा घरी. भिंतीपलीकडे मेश्राम काका. मूळचे नागपूरकडचे, ड्राफ्ट्समन. पंचवीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढत राहिले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दूर, प्लेनोला, मोठ्या घरात. काकांच्या हॉलमध्ये बुद्धाची एक तसबीर, एक ड्रॉइंग बोर्ड आणि टोकं काढून उंचीप्रमाणे लावलेल्या पेन्सिली. फोन आला की "हॅलो"च्या जागी "जय भीम". समोर टेलिमार्केटिंगवाला असला तरी.

मी राहायला गेले त्याच्या वर्षभर आधी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि उजवा पाय अर्धे कामातून गेले. ज्या हातानं केसाएवढी रेघ मारली, त्या हातात चहाचा कप राहीना. कंपनीनं केक कापून निरोप दिला. केकवरच्या अक्षरांना काकांनी चार मार्क दिले.

पण त्यांना काही विचारा, उत्तर एकच: "जमते." शर्टाची बटणं लागतात का काका? जमते. (आदल्या रात्रीच लावून ठेवायचे आणि सकाळी बनियनसारखा डोक्यातून घालायचे.) दुकानात एकट्यानं चालणं होतं का? जमते. (दारातच कार्ट पकडायचे आणि तिच्यावर ओणवे होऊन दुकानभर फिरायचे. एकदा एका बाईनं मदत करू का विचारलं, तर म्हणाले, "नो थँक्स, धिस कार्ट इज ओल्ड, आय अॅम सपोर्टिंग इट.") मी हसायची. शिरीषला फोनवर काकांची नक्कल करून दाखवायची. हे लिहितानाही आता कानशिलं गरम होतात, पण तेव्हा मला तो माझा मोकळा, खेळकर स्वभाव वाटत होता.

डाळीचं प्रकरण माझ्या तापातून सुरू झालं. त्या हिवाळ्यात मी चार दिवस फ्लूनं पडले होते. गुरुवारी संध्याकाळी दार वाजलं. काका उभे. डाव्या हातात स्टीलचा डबा, तो छातीशी दाबून धरलेला. "तुरीची डाळ हाय. पी गरम गरम." मी बरी झाले तरी डबा थांबला नाही. दर गुरुवारी सहाच्या ठोक्याला दार वाजायचं. मी संकोचानं नको म्हटलं तर वर मलाच ऐकवलं. "दिवसभर कंपनीत काम करून राहिली, अन् घरी येऊन पुन्हा गॅसपुढं बायकांनीच काहून उभं राहावं? माझ्याजवळ टाइम हाय."

पहिल्या दिवशी मी मोठा चमचाभर डाळ तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी आलं. समुद्राचं पाणी परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा द्यायला गेले तर काका दारातच अधीर होऊन उभे. "मार्क?"

"नऊ," मी म्हणाले.

"नऊ!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला आपण फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. मी ज्या घरात वाढले तिथे तोंडावर फटकळ बोलणं हा कुळाचार होता. आमटी बिघडली तर आजोबा पाहुण्यांदेखत सांगायचे. आणि मी, त्याच घरातली, दर शुक्रवारी "नऊ" म्हणू लागले. दुसरा डबा, तिसरा, चौथा. एकदा डाळ कच्ची, एकदा तिच्यात लसणाची सालं, मीठ मात्र दर वेळी दुप्पट. पुढे पुढे मी सिंकवर डबा उपडा करायची, आणि सिंकमधलं खरकटं दळणारं ते गुरगुरणारं यंत्र भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा करायची. पुण्याला आईला पत्रात लिहायची, "शेजारी एक एकटे गृहस्थ आहेत, मी त्यांच्याकडे लक्ष ठेवते."

मग आला तो फॉर्म. काम करता येत नाही म्हणून सरकारी अपंग-भत्ता मागायचा, तर आधी रोजचं जगणं कागदावर मांडून दाखवावं लागतं. आंघोळ स्वतः करता का? कपडे? स्वयंपाक काय करता, किती वेळ लागतो? बाजारहाट? छंद? इतर कोणाची काळजी घेता का? भत्ता मिळाला तर काका या अपार्टमेंटमध्ये राहू शकणार होते. नाही तर प्लेनो. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, जस्ट मूव्ह इन विथ अस." तिचं काही चुकत नव्हतं. पण काकांना तिथली वस्ती माहीत होती. "गाडीशिवाय पाव आणता येत नाही तिथं. जावई ऑफिसातून आल्यावर मला फिरवून आणणार, कुत्र्यासंगं."

काकांनी फॉर्म मला दाखवला तो भरून झाल्यावर. अकरा दिवस लागले होते. पेन्सिलीनं बारीक रेघा आखून, डाव्या हातानं, ड्राफ्ट्समनच्या उभ्या कॅपिटल अक्षरांत. छापलेलंही इतकं सुबक नसतं. प्रत्येक रकान्यात एकच उत्तर: होय, स्वतंत्रपणे. आंघोळ, होय. कपडे, होय. स्वयंपाक, होय. त्यांनी फॉर्म भरला नव्हता, पेपर सोडवला होता आणि दहापैकी दहा मिळवले होते.

"काका, अहो यात 'जमत नाही' लिहिलं तर पैसे मिळतात! जे जमत नाही तेवढं तरी लिहा."

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, कडा जुळवल्या. मग म्हणाले, "आमच्या गावात शाळेचा मास्तर मला सांगे, तुला नाही जमणार. कारखान्यात फोरमन सांगे, तुमच्या लोकांना ड्रॉइंग नाही जमणार. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलं अन् मी खोटं पाडलं. आता मीच लिहून देऊ? सही करून?"

मी पुढचं पान उलटलं. इतर कोणाची काळजी घेता का, या प्रश्नाखाली सगळ्यांत सुबक अक्षरांत लिहिलं होतं: होय. एक तरुण शेजारीण. नवरा परगावी असतो. दर गुरुवारी तिच्यासाठी डाळ करतो.

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. काळजी तर मी यांची घेत होते! शनिवारी दुकानात नेत होते, औषधं आणत होते.

ओळखीच्या माणसानं भरायचा आणखी एक फॉर्म होता. तो माझ्याकडे आला. प्रश्न जवळपास तेच. काका समोर बसून होते, चष्मा लावून, पर्यवेक्षकासारखे. मी बटणांबद्दल लिहिलं, कार्टबद्दल लिहिलं, आणि प्रत्येक ओळीला त्यांचा श्वास जोरात व्हायचा. स्वयंपाकाचा प्रश्न आला. मी पेन थांबवलं.

"लिही ना," काका म्हणाले. "नऊ मार्काची डाळ हाय."

मी लिहिलं. दर आठवड्याला माझ्यासाठी डाळ करतात, उत्तम करतात. आणि खाली, मी त्यांची काळजी घेते. आम्ही दोघं एकमेकांची काळजी घेतोय असे दोन फॉर्म एकाच लिफाफ्यातून गेले.

सरकारनं तपासायला पाठवलेल्या डॉक्टरकडे काका सूट घालून गेले. टाय बांधायला पाऊण तास. मी मदतीला पुढे झाले तर "जमते." डॉक्टरच्या हातात नुसते चौकोन असलेला कागद: किती तास उभे राहू शकतो, किती वजन उचलू शकतो. त्यानं विचारलं, "हाऊ फार कॅन यू वॉक?" काका म्हणाले, "अॅज फार अॅज रिक्वायर्ड, सर." डॉक्टर हसला आणि त्यानं खुणा केल्या. बाहेर येऊन काका गाडीत बसले. पाय इतका थरथरत होता की बूट गाडीच्या तळावर वाजत होता.

अर्ज नामंजूर झाला. पुन्हा तपासायला दिला, पुन्हा नामंजूर. पत्रात कारण होतं: तुम्ही सुवाच्य लिहू शकता, स्वतःसाठी आणि इतरांसाठी नियमित स्वयंपाक करता. काका ते वाचून आधी म्हणाले, "अक्षराची तारीफ केली पाह्य." आणि आठवड्याभरात त्यांच्या हॉलमध्ये खोके दिसायला लागले. प्रत्येकावर उभ्या अक्षरांत 'प्लेनो'. ड्रॉइंग बोर्डाचे पाय काढून ठेवले होते.

आता राहिली होती न्यायाधीशासमोरची सुनावणी. फुकट सल्ला देणाऱ्या एका संस्थेतली रूथ नावाची बाई काकांची बाजू मांडायला तयार झाली. साठीची, बारीक कापलेले पांढरे केस, एका वेळी एकच प्रश्न विचारणारी. तिनं मला एकटीला बोलावलं. माझा फॉर्म समोर ठेवला. "ही डाळ तुम्ही खाता?"

मी इकडेतिकडे बघितलं. मग सांगून टाकलं. मीठ, कच्चेपणा, सालं, सिंक, टीव्ही, सगळं.

रूथनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा माणूस स्वयंपाक करू शकत नाही, आणि हे फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही लिहून दिलंत, उत्तम करतात." ती रागावली नव्हती, नुसती हिशेब लावत होती. "हे न्यायाधीशांना सांगाल?"

"पण ते तिथेच बसलेले असतील."

"हो," रूथ म्हणाली. "असतील."

सुनावणीची खोली लहान. एक टेबल, एक झेंडा, एक टेपरेकॉर्डर. काका पुन्हा सुटात. शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितल्यावर त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला. मी समोरच्या झेंड्याकडे बघत राहिले.

माझी पाळी आली. रूथनं विचारलं आणि मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, तेवढाच एक आडोसा होता, तोही खोटा, कारण काकांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. डाळ खाण्याजोगी नसते. मीठ दोनदा घातलेलं असतं. कधी कच्ची असते. मी ती फेकून देते. किती वेळा? प्रत्येक वेळा. किती महिने? चौदा.



न्यायाधीश वयस्कर होते. ते काकांकडे वळले. "मिस्टर मेश्राम, तुम्हाला चव कळत नाही का?"

मला वाटलं, काका म्हणतील, कळते. जमते. काका टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "सिन्स द स्ट्रोक, सर," ते म्हणाले, "एव्हरीथिंग इज सेम. सॉल्ट, शुगर, सेम." मग थोड्या वेळानं, "सो आय आस्क हर. एव्हरी वीक आय आस्क हर फॉर मार्क्स."

त्या क्षणी मला कळलं की चौदा महिने त्यांनी माझ्या जिभेवर भरवसा ठेवून मीठ घातलं होतं. घालताना हात थरथरला, एकदा घातलं की दोनदा ते आठवेना, तर पाहुणीला अळणी लागू नये म्हणून ते आणखी घालायचे. आणि मी दर शुक्रवारी सांगत होते, नऊ. मी त्यांचं मन राखत नव्हते. खरं बोलण्याचा त्रास वाचवत होते, माझा. याची लाज मला त्या खोलीत वाटली तशी आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

निकाल पुढे दोन महिन्यांनी लागला आणि काकांच्या बाजूनं लागला. त्यात माझी साक्ष विश्वासार्ह असल्याचा उल्लेख होता. खोके उघडले गेले, बोर्डाला पाय लागले. हे आताच सांगून टाकते, कारण मला जे सांगायचं आहे ते सुनावणीच्याच दिवशी, बाहेर पार्किंग लॉटमध्ये घडलं.

मी काकांचा पाय उचलून गाडीत ठेवला. नेहमी हात झिडकारायचे. त्या दिवशी ठेवू दिला. मी किल्ली लावली, पण गाडी सुरू करवेना. "काका, चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, ऐकलं एवढं कळवण्यापुरती.

"शाळेत एक दोस्त होता माझा," ते समोर बघत म्हणाले. "मोठ्या घरचा. सणाला माझी माय लाडू द्यायची, मी त्याला नेऊन देई. तो घेई. लय छान झाले म्हणे, मायला सांग म्हणे. एक दिवस पाह्यलं, तर घरामागं नेऊन टाकत होता. पोरगा वाईट नव्हता. नाही म्हणता नाही आलं त्याला." ते माझ्याकडे वळले. "अनघा, राग नको मानू. मिठामुळंच ना?"

प्रश्न माझ्या डोक्यात शिरायला क्षणभर लागला. मग शिरला. मी जोशी, ते मेश्राम. चौदा महिन्यांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं आणि याचा मला तोवर अभिमानही वाटला असता. त्यांच्या मनात मात्र ते त्या छोट्या खोलीत, माझ्या पहिल्या वाक्यालाच आलं असणार, आणि ते गप्प बसून पुढचं ऐकत राहिले होते.

"मिठामुळंच काका," मी म्हणाले. "खरंच मिठामुळं. शपथ घेऊन सांगते."

"दर वेळी चाखून पाह्यली?"

खरं उत्तर असं होतं, की चौथ्या डब्यानंतर मी कधीच चाखली नाही. झाकण काढायचं, उपडा करायचा, धुवायचा. मधल्या एखाद्या गुरुवारी डाळ चांगलीही झाली असेल. मला माहीत नाही. मी किल्लीशी चाळा करत राहिले. आणि ज्या माणसानं आयुष्यभर केसाएवढी चूक शोधली, त्याला माझ्या गप्प बसण्यातून सगळं समजलं.

काकांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "परवा गुरुवार हाय. डबा नाही देणार. माझ्याकडं येऊन जेव. मीठ तू टाक."

गुरुवारी सहा वाजता मी गेले. काका गॅसपुढे स्टुलावर बसले होते, डाळ चांगली शिजली होती. खोके अजून तसेच भिंतीशी. मी मीठ घातलं, ढवळलं, चाखलं. साधी, बरी डाळ होती. त्यांनी डाव्या हातानं वाढली, थोडी टेबलावर सांडली, मी पुसायला उठले तर म्हणाले, "बस."

आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी स्वतःचा चमचा उचललाच नाही. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. चांगली झालीय, मी म्हणाले; काकांनी नुसतं हूं केलं. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते माझ्या ताटाकडे बघत होते, किती उरतंय ते.